इतिहासावरचे इंग्रजी गाणे ऐकवून श्रवणाचा सराव कसा घ्यावा?

बारावीची इंग्रजी शिक्षिका, पुणे

नमस्कार.

मी पुण्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात बारावीच्या कला शाखेला इंग्रजी शिकवते. वर्गात ४२ मुले-मुली आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांची दहावीपर्यंतची शाळा मराठी माध्यमाची होती. छापलेला इंग्रजी उतारा समोर ठेवला तर ही मुले अडखळत का होईना अर्थ लावतात आणि उत्तरेही बरी लिहितात. परंतु तोच उतारा एखाद्या इंग्रज किंवा अमेरिकी माणसाच्या तोंडून ऐकवला की वर्गात शांतता पसरते, आणि ती एकाग्रतेची शांतता नसते, हे शिकवणाऱ्या कोणालाही पाहताक्षणी कळते.

याच मुलांना इतिहासाच्या तासाला शीतयुद्ध आणि निर्वसाहतीकरण शिकायचे असते. त्यामुळे मला असे वाटले की, जो विषय त्यांना मराठीतून ठाऊक आहे त्याच विषयावरचे इंग्रजी गाणे ऐकवले तर कानाला थोडा आधार मिळेल. मी बिली जोएल या अमेरिकी गायकाचे ‘वुई डिडन्ट स्टार्ट द फायर’ हे १९८९ मधील गाणे निवडले. ज्यांनी ते ऐकले नसेल त्यांच्यासाठी सांगते, की गायकाचा जन्म १९४९ चा असून त्या वर्षापासून १९८९ पर्यंतच्या चाळीस वर्षांतील शंभराहून अधिक व्यक्तींची, घटनांची आणि वस्तूंची नावे त्यात एकापाठोपाठ एक येतात. ट्रुमन, स्टॅलिन, नासर, सुएझ, स्पुटनिक, कॅस्ट्रो, केनेडी, वॉटरगेट अशी आमच्या पाठ्यपुस्तकाच्या परिसरातली कितीतरी नावे त्यात आहेत.

पहिल्या प्रयत्नात मी सर्वांना गाण्याच्या शब्दांचा छापील कागद दिला आणि गाणे सलग दोनदा ऐकवले. ते जवळजवळ पाच मिनिटांचे आहे. दोन्ही वेळा ४२ माना कागदावर झुकलेल्या होत्या. मुले वाचत होती, ऐकत नव्हती. नंतर कागद काढून घेतले आणि फक्त धृपदाची पहिली ओळ लिहायला सांगितली, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांनी ‘वुई डिड स्टार्ट द फायर’ असे लिहिले. आग आम्ही लावली नाही असे गायक म्हणतो आणि माझा वर्ग लिहितो की आग आम्हीच लावली! याहून बोलका प्रसंग दुसऱ्या एका मुलीचा आहे. क्यूबाच्या क्षेपणास्त्र संघर्षावर ती मराठीत दोन पाने सहज लिहील, पण गाण्यातले सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांचे नाव तिला तीन वेळा ऐकूनही ओळखता आले नाही. मी फळ्यावर ते देवनागरीत लिहिले तेव्हा ती म्हणाली, “मॅडम, हे तर आपले ख्रुश्चेव्ह! हे असे कुठे म्हणतात?”

माझे प्रश्न असे आहेत. शब्दांचा कागद द्यावा की देऊ नये, आणि द्यायचाच असेल तर केव्हा द्यावा? इतिहास आधी समजावून सांगावा की नंतर? आणि सर्वांत मूळ शंका म्हणजे, अशा नावांच्या यादीवजा गाण्याने खरोखर कान तयार होतो, की मुलांचा एक तास आनंदात जातो एवढेच? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त इंग्रजी शिक्षक, सदाशिव पेठ

ताई, आपण विचारलेल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आपणच फळ्यावर लिहून बसला आहात. ती मुलगी देवनागरी अक्षरे पाहून म्हणाली, “हे तर आपले ख्रुश्चेव्ह.” याचा अर्थ, तिच्या मनात त्या नावाचे एक मराठी ध्वनिचित्र पक्के होते आणि गाण्यातून आलेला आवाज त्याच्याशी जुळत नव्हता. मराठीत आपण ‘ख्रु’ असा ठसठशीत महाप्राण काढतो आणि शेवटी ‘व्ह’ म्हणतो; अमेरिकी माणूस साधारण ‘क्रुश्चेफ’ असे म्हणतो. ती ‘ख्रु’ची वाट पाहत राहिली आणि नाव तिच्या समोरून निघून गेले. आपल्या मुलांचे श्रवण बहुतेक वेळा असेच चुकते. शब्द अनोळखी असतो म्हणून ते चुकते असे नाही. ओळखीचा शब्द अनोळखी वेषात येतो म्हणून चुकते.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की, पहिल्या फेरीत मुलांकडून इंग्रजी स्पेलिंग मुळीच लिहून घेऊ नये. त्यांना सांगावे, कानाला जसे ऐकू आले तसे देवनागरीत लिहा. इंग्रजी लिपीत लिहायला लावले की मूल ऐकणे सोडून स्पेलिंग आठवू लागते, आणि त्याने नेमके काय ऐकले हे आपल्याला कधीच कळत नाही. आपली लिपी बरीचशी उच्चाराप्रमाणे चालते, त्यामुळे देवनागरीतला कागद म्हणजे त्या मुलाच्या कानाचे छायाचित्र असते. मी नोकरीत असताना अनेक वर्षे हे करत आलो आणि दुसऱ्या कोणत्याही उपायाने मला वर्गाच्या कानाची इतकी नेमकी माहिती मिळाली नाही.

आता आपल्या धृपदाकडे येऊ. ‘डिडन्ट’ या शब्दातला शेवटचा ‘ट’ पुढच्या ‘स्टार्ट’च्या ‘स्ट’मध्ये विरघळून जातो. उरतो तो ‘डिड’च्या मागे नाकातून येणारा एक छोटा ‘न्’. ज्या मुलाने देवनागरीत ‘वुई डिडं स्टार्ट’ असे लिहिले असेल त्याच्या कानाने नकार पकडलेला आहे. त्या वाक्यातला सगळा नकार त्या एका अनुस्वारात आहे. स्पेलिंग लिहायला सांगितले असते तर हाच मुलगा गोंधळून ‘डिड’ लिहून मोकळा झाला असता आणि आपण त्याला चूक दिली असती. त्यानंतर व्याकरणाची मदत घ्यावी. आग लावली असे साधेपणाने सांगायचे असते तर ‘स्टार्टेड’ ऐकू यायला हवे होते. ते ऐकू आले नाही, नुसते ‘स्टार्ट’ आले आणि त्याच्या आधी ‘डिड’सारखे काहीतरी आले, तर प्रश्न नसलेल्या वाक्यात बहुधा नकारच असणार. ‘डिड’ वापरून जोर देऊन होकार सांगण्याची पद्धत इंग्रजीत आहे, पण तिथे ‘डिड’वर आवाजाचा भार इतका पडतो की तो लपत नाही. कान आणि व्याकरण यांची अशी सांगड एकदा घालून दाखवली की मुलांना ऐकणे ही नशिबाची गोष्ट वाटेनाशी होते.

याच गाण्यात कानासाठी आणखी चांगल्या जागा आहेत. उत्तर आणि दक्षिण कोरियाचे नाव घ्या. आपण को-रि-या ही तिन्ही अक्षरे जवळजवळ सारख्या वजनाने म्हणतो. इंग्रजीत पहिले अक्षर आपल्या ‘अ’इतके पातळ होते आणि सगळे वजन मधल्या अक्षरावर जाते, म्हणजे ‘करीआ’सारखे काहीतरी ऐकू येते. मराठीत वजन शब्दभर पसरलेले असते, इंग्रजीत ते एका जागी साचते आणि बाकीची अक्षरे अंग चोरतात, हा दोन भाषांमधला फार मोठा फरक आहे आणि तो व्याख्यानातून समजत नाही. ‘करीआ’ दहा वेळा ऐकून समजतो. तसेच इंग्लंडला नवी राणी मिळाल्याचा उल्लेख आहे. एलिझाबेथ दुसऱ्या यांनी १९५२ मध्ये राज्यपद स्वीकारले, त्याचा तो संदर्भ आहे. तिथे ‘इंग्लंड्झ गॉट’ असे ऐकू येते. बहुतेक मुले ‘इंग्लंड गॉट’ लिहितील. मधला तो ‘झ’ म्हणजे ‘हॅझ’चे उरलेले शेपूट आहे, षष्ठीचा प्रत्यय नव्हे, हे सांगायला पाच मिनिटे द्यावीत.

गाणे कधीही पूर्ण ऐकवू नये. वीस ते पंचवीस सेकंदांचा तुकडा घ्यावा आणि तो पाच-सहा वेळा ऐकवावा. पहिल्यांदा नुसते ऐकायचे, हातात पेन नको. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी देवनागरीत लिहायचे. मग शेजाऱ्याच्या कागदाशी पडताळायचे आणि जिथे दोघांचे जुळत नाही तिथे खूण करायची, कारण चौथ्या वेळी मुले त्या खुणेपाशी कान टवकारून बसतात आणि खरे श्रवण त्या क्षणी घडते. छापील शब्द त्यानंतर द्यावेत. आधी दिले तर आपण पाहिलेत तसे होते. मुळीच दिले नाहीत तर आपल्या ‘करीआ’चे इंग्रजी स्पेलिंग काय, हे मुलांना समजत नाही आणि कान व डोळा यांची गाठ पडत नाही.

एक गोष्ट किरकोळ वाटेल, पण लिहितोच. सराव चालू असताना वर्गातले पंखे बंद करावेत आणि स्पीकर टेबलावर न ठेवता मधल्या बाकावर ठेवावा. स, फ, ट यांसारखे व्यंजनध्वनी मुळात क्षीण असतात आणि पंख्याच्या घरघरीत तेच आधी बुडतात. मागच्या बाकावरच्या मुलाला ऐकू आले नाही आणि आपण त्याला इंग्रजी येत नाही असे म्हणालो, असा अन्याय माझ्या हातून झालेला आहे.

भाषांतरकार, कोथरूड

वरील सूचना मोलाच्या आहेत, तरीही मूळ शंकेबाबत माझे मत वेगळे आहे आणि ते मी स्पष्टपणे मांडतो.

गाणे म्हणजे बोलणे नव्हे. चालीला जिथे आघात हवा असतो तिथे गायक आघात देतो, मग बोलताना तो त्या अक्षरावर असो वा नसो. स्वर लांबतात, आखूड होतात, वाद्ये मध्ये येतात. शिवाय हे विशिष्ट गाणे धृपद सोडले तर नामांची रांग आहे. त्यात वाक्ये फारच थोडी आहेत. परीक्षेत, मुलाखतीत किंवा व्याख्यानात मुलांना जे ऐकायचे आहे त्यात कर्ता, क्रियापद, उभयान्वयी अव्यये आणि एकात एक गुंतलेली उपवाक्ये असतात. नावे ओळखता आली म्हणजे म्हणणे समजले असा भ्रम या सरावातून निर्माण होण्याची मला भीती वाटते. आपल्याकडे इंग्रजी बातम्या ऐकणारे कितीतरी जण नावे पकडून मजकुराचा अंदाज बांधतात आणि तो अंदाज नकाराच्या किंवा काळाच्या ठिकाणी हमखास चुकतो.

माझी विनंती अशी आहे की, गाणे दार म्हणून वापरावे आणि लगेच त्याच घटनेवरच्या खऱ्या भाषणाकडे वळावे. चंद्रमोहिमेचा उल्लेख आला की केनेडी यांचे १२ सप्टेंबर १९६२ चे राइस विद्यापीठातील भाषण ऐकवावे. त्याचे ध्वनिमुद्रण सहज मिळते. त्यांचा उच्चार बोस्टनकडचा असल्यामुळे शब्दांच्या शेवटचा ‘र’ अनेकदा गळतो, ही गोष्ट आपल्या मुलांना उलट सोयीची वाटेल की अवघड, हे मात्र वर्गातच पाहावे लागेल. नेहरूंचे १४ ऑगस्ट १९४७ च्या रात्रीचे संविधान सभेतील भाषण तर संथ, स्पष्ट आणि आपल्या कानाला जवळचे आहे. सुरुवात तिथून करायलाही माझी हरकत नाही.

इतिहासाचा अध्यापक, हडपसर

मी इतिहास शिकवतो, त्यामुळे इतिहास आधी की नंतर, एवढ्याच प्रश्नाला उत्तर देतो. माझ्या मते तो थोडा आधी आणि बराचसा नंतर यावा.

या गाण्याची एक रचना आहे आणि ती मुलांना सांगितली तर त्यांचे ऐकणेच बदलते. १९४९ पासून १९६३ पर्यंत गायक जवळजवळ वर्षावर्षाने पुढे सरकतो आणि केनेडी यांच्या हत्येपाशी येऊन थांबल्यासारखा होतो. त्यानंतरची पंचवीस वर्षे तो एका दमात उरकतो. म्हणजे पहिल्या भागात कालक्रम हाच ऐकणाऱ्याचा दोर असतो. मी असतो तर एका तुकड्यासाठी फक्त एक खुंटी आधी ठोकून दिली असती. उदाहरणार्थ, “हा तुकडा १९५६ च्या आसपासचा आहे,” एवढेच सांगायचे. ज्या मुलाला सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण आणि बुडापेस्टमधला उठाव ही एकाच वर्षातली प्रकरणे ठाऊक आहेत, त्याचा कान बुडापेस्ट ऐकल्याबरोबर सुएझसाठी सज्ज होतो. पण यादीच आधी वाचून दाखवली तर ऐकण्यासारखे काही उरत नाही.

अंदाज फसण्याची जागाही याच गाण्यात आहे आणि ती मुद्दाम वापरावी. बर्लिन हे नाव ऐकू आले की मुले भिंत पडल्याचे सांगतात, कारण गाणे १९८९ चे आहे असे आपण सांगितलेले असते. प्रत्यक्षात गाणे सप्टेंबर १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि भिंत ९ नोव्हेंबरला कोसळली. गाण्यातले बर्लिन हे १९६१ चे, भिंत उभी राहिली त्या वर्षाचे आहे, आणि त्याच्या शेजारीच क्यूबातल्या ‘बे ऑफ पिग्ज’च्या स्वारीचा उल्लेख येतो. शेजारचे नाव नीट ऐकले असते तर वर्ष चुकले नसते, हे मुलांना दाखवून देता येते. कोथरूडच्या सरांनी अंदाजाविषयी व्यक्त केलेली भीती रास्त आहे, पण तिच्यावरचा उताराही याच ठिकाणी सापडतो.

दुसरे म्हणजे, गाण्यातून इतिहास ऐकण्याची सवय मराठी माणसाला नवी नाही. अफझलखानाच्या वधावर अज्ञानदासाने आणि सिंहगडावर तुळशीदासाने रचलेले पोवाडे आपल्याकडे आहेत. महात्मा फुले यांनी १८६९ मध्ये शिवाजी महाराजांवर पोवाडा लिहिला, तो याच पुण्याच्या मातीतला. शाहीर कडवे म्हणतो, मध्ये थांबून गद्यात प्रसंग समजावतो, मग झीलकरी ‘जी जी रं जी’ म्हणत तोच सूर उचलतात, आणि तेवढ्या वेळात श्रोत्याच्या मनात प्रसंग बसतो. जोएल यांच्या गाण्यात हे मधले गद्य नाही. नुसते मथळे आहेत. ते गद्य शिक्षकाने पुरवावे. तुकडा ऐकून झाल्यावर, त्यात नाव आलेल्या व्हिएतनाममधील डिएन बिएन फू येथे मे १९५४ मध्ये फ्रेंच सैन्य व्हिएतनामी सैन्यापुढे कसे शरण गेले, हे दोन मिनिटे सांगावे, आणि मग तोच तुकडा पुन्हा लावावा. त्या वेळी मुले काय वेगळे ऐकतात ते पाहण्यासारखे असते. तिथे ‘फू’ नंतर ‘फॉल्झ’ असे क्रियापद येते, तेही वर्तमानकाळात, कारण इंग्रजी वर्तमानपत्रे कालची घटना मथळ्यात वर्तमानकाळातच सांगतात.

हे गाणे अमेरिकी माणसाच्या आठवणीतले जग आहे, याची जाणीवही मुलांना द्यायला हवी. त्यात बेसबॉलचे खेळाडू आहेत, फोर्ड कंपनीची न खपलेली मोटार आहे, पण भारताशी संबंधित एकही नाव नाही. म्हणून शेवटी मुलांकडूनच त्याच वर्षांची आपल्याकडची यादी इंग्रजीत करून घ्यावी. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ सुरू झाले, १९५६ मध्ये बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली, १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले, १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, १९६७ मध्ये कोयनेचा भूकंप झाला. गाण्यात सॅली राइड या १९८३ मध्ये अंतराळात गेलेल्या पहिल्या अमेरिकी महिलेचे नाव येते. त्याच्या पुढच्याच वर्षी अंतराळात गेलेले राकेश शर्मा आमच्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत शिकलेले. एकाने यादी वाचायची आणि बाकीच्यांनी ऐकून लिहायची.

गाण्याच्या उत्तरार्धात अमली पदार्थ, आत्महत्या, गुन्हे यांचेही उल्लेख आहेत, म्हणून वर्गासाठी पूर्वार्धातलेच तुकडे निवडावेत असे मला वाटते.

हिंजवडी, रात्रपाळी

मी शिक्षक नाही. सातारा जिल्ह्यातल्या मराठी शाळेत शिकलो आणि गेली सहा वर्षे अमेरिकेतील ग्राहकांचे फोन घेण्याचे काम करतो. सदाशिव पेठेतल्या सरांनी नकाराविषयी जे लिहिले आहे ते वाचून मला माझे पहिले वर्ष आठवले, म्हणून लिहीत आहे.

एका वयस्कर बाईंनी मला सांगितले होते की, त्या अमुक दिवशी घरी थांबू शकत नाहीत. मी ‘कॅन’ ऐकले आणि माणूस त्याच दिवशी पाठवला. त्या दिवशी त्या रुग्णालयात होत्या. त्यांचा दुसऱ्यांदा फोन आला तेव्हा त्या रागावल्या नाहीत, थकलेल्या आवाजात एवढेच म्हणाल्या की मी सांगितले होते. ते वाक्य अजून माझ्या कानात आहे. नंतर आमच्या प्रशिक्षिकेने समजावले की, अमेरिकी बोलण्यात ‘कान्ट’चा ‘ट’ ऐकू येईलच याची खात्री नसते, स्वर ऐकायचा. होकार असेल तर ‘कॅन’ घाईत ‘क्न’ इतका बारीक होतो आणि वजन पुढच्या क्रियापदावर जाते. नकार असेल तर ‘कॅन’ पूर्ण, भरीव ऐकू येतो. म्हणजे आपल्याला शाळेत जो ‘कॅन’ होकार म्हणून शिकवला, तो तिथे ऐकू आला तर बहुधा नकार असतो! हे मला कोणी बारावीत सांगितले असते तर फार बरे झाले असते.

आणखी एक. परदेशी शिक्षणासाठी आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा देणाऱ्या मुलांना तिथे श्रवणाच्या भागात ध्वनिमुद्रण एकदाच ऐकायला मिळते आणि त्यावर ४० प्रश्न असतात. म्हणून पाच-सहा वेळा ऐकण्याचा सराव झाल्यावर महिन्यातून एकदा तरी न ऐकलेला तुकडा एकदाच लावून पाहावा, असे मला सुचवावेसे वाटते.

बारावीची इंग्रजी शिक्षिका, पुणे

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवडे थांबून लिहीत आहे, कारण काही करून पाहिल्याशिवाय उत्तर देणे मला योग्य वाटले नाही.

आठवड्यातून दोन तास मी या सरावासाठी काढले. पंखे बंद केले, स्पीकर मधल्या बाकावर ठेवला आणि बावीस सेकंदांचा एकच तुकडा घेतला. देवनागरीत लिहायला सांगितल्यावर मुले आधी हसली, त्यांना ते बालवाडीचे काम वाटले. परंतु पहिल्याच दिवशी जे कागद हातात आले ते मी जपून ठेवले आहेत. आयझेनहॉवर हे नाव एकाने ‘आईस ना हवा’ असे लिहिले होते. त्याला पुस्तकातले आयझेनहॉवर पाठ होते आणि कानाने त्याने अमेरिकी उच्चार चांगलाच जवळून टिपला होता, फक्त त्या दोन गोष्टी एकच आहेत हे त्याला ठाऊक नव्हते. मी कागद दाखवून त्याला सांगितले की तुझा कान बरोबर आहे. इंग्रजीच्या तासाला त्याला असे बहुधा पहिल्यांदाच कोणी सांगितले असावे.

धृपदाची ओळ मी दुसऱ्या आठवड्यात पुन्हा घेतली. या वेळी कागद गोळा करताना मी केवळ ‘डिड’वर अनुस्वार किंवा ‘न’ आहे का, एवढेच पाहत गेले. ४२ पैकी ३१ कागदांवर तो होता. हिंजवडीच्या दादांनी सांगितलेली ‘कॅन’ची गोष्ट मी वर्गात जशीच्या तशी सांगितली, त्यानंतर नकार ऐकणे हा मुलांना व्याकरणाचा मुद्दा वाटेनासा झाला आणि दोन मुलींनी स्वतःहून अशा वाक्यांच्या जोड्या तयार करून एकमेकींना म्हणून दाखवायला सुरुवात केली.

कोथरूडच्या सरांचा आक्षेप मला पटला, हे प्रामाणिकपणे नोंदवते. न ऐकलेला गद्य तुकडा एकदाच लावला तेव्हा मुलांनी नावे भराभर टिपली आणि वाक्याचा अर्थ विचारल्यावर पुन्हा गप्प झाली. गाण्याने कान उघडला आहे, पण वाक्य धरून ठेवण्याची ताकद त्याने आलेली नाही. त्यासाठी पुढच्या महिन्यात नेहरूंचे भाषण घेणार आहे.

आपल्याकडच्या घटनांची यादी मात्र वर्गाला मनापासून आवडली. ती वाचण्याचा तास १२ जुलैच्या आसपास आला. वेल्ह्याकडून येणारा एक मुलगा आहे, जो एरवी तोंड उघडत नाही. त्याने ‘पानशेत डॅम बर्स्ट्स’ अशी ओळ लिहून आणली होती. ‘फॉल्झ’सारखा मथळ्याचा वर्तमानकाळ त्याने आपणहून उचलला होता. त्याने ती वाचली आणि जवळजवळ सगळ्यांनी ‘बर्स्ट’ लिहिले. तो म्हणाला, “नाही, शेवटी अजून एक स आहे.” पुन्हा वाचले, तरी मागच्या दोन बाकांना तो ‘स’ ऐकू आला नाही. मग तो आपल्या जागेवरून उठला, मधल्या बाकापाशी, स्पीकर ठेवतो तिथे जाऊन उभा राहिला आणि तीच ओळ त्याने तिसऱ्यांदा म्हटली.

नेहरूंच्या भाषणातला सुरुवातीचा कोणता तुकडा वीस-पंचवीस सेकंदांत नीट बसेल, हे कोणी सुचवू शकेल का?